चार आकडे आणि शीळफाट्याचा जाम

जुन्नरला माझं औषधांचं दुकान आहे आणि सोमवारी ते बंद असतं. रविवारी बाजार भरतो, त्यामुळे रविवारी सुट्टी घेणारा दुकानदार जुन्नरमध्ये फार टिकत नाही. सोमवारी सकाळी आम्ही नवराबायको गाडी काढतो आणि घाटघरला जातो. तिथे माझे सासरे एकटे राहतात. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना खाली आमच्याकडे आणलं होतं. थोडे दिवस राहिले आणि मग म्हणाले, "हितं समदं हाय, पर करायला काय न्हाई." पिशवी उचलली आणि एसटीने परत गेले. त्यांची नाचणी, वरई आणि थोडं भात आहे. वयाच्या मानाने ते फार काम करतात, आणि कामाच्या मानाने फार कमी बोलतात.

गाडी आमची जुनी. मंचरच्या एका निवृत्त हेडमास्तरांकडून घेतलेली. त्यांना दिसायला कमी झालं म्हणून त्यांनी ती विकली. विकताना टायर दाखवले, इंजिन दाखवलं, आणि शेवटी डॅशबोर्डमधल्या रेडिओवर हात ठेवून म्हणाले, "हा चोरीला जाऊ शकत नाही." आधीचा सेट पुण्यात कुणीतरी काच फोडून नेला होता. म्हणून हा कुलूपवाला बसवून घेतला. मी मान डोलावली. जी गोष्ट चोरीला जाऊ शकत नाही तिच्याबद्दल कोण जास्त विचारतो?

रेडिओबद्दल मला तोवर विशेष कळत नव्हतं. मी मूळचा लोणीचा, आंबेगाव तालुक्याच्या पूर्व टोकाचा. आमच्याकडे मेंढरं होती. वडील मेंढरांमागे जाताना खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवायचे. लोणीचा मुलूख उघडा. तिथे रेडिओ कुठेही धरला तरी वाजायचा. फार तर थोडा फिरवावा लागे, मेंढरू फिरवतात तसा. त्यामुळे रेडिओ म्हणजे चालू केला की लागतो, अशी माझी समजूत होती. ती घाटघरच्या रस्त्याने मोडली.

जुन्नरमधून निघालो की पुण्याचं स्टेशन स्वच्छ लागायचं. आपटाळ्यापर्यंत गाणं पूर्ण ऐकू यायचं. पुढे चावंड किल्ला आडवा आला की गाण्यात वाळू मिसळल्यासारखं व्हायचं. माणिकडोह धरणाच्या कडेने रस्ता वळतो तिथे एका वळणावर निवेदक, दुसऱ्या वळणावर नुसती खरखर. घाटघरला पोचेपर्यंत काहीच उरायचं नाही. मला वाटलं सेट बिघडला. आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याला दाखवला, तर तिथे तो उत्तम वाजला. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, रेडिओ बरोबर हाय. तुमी जाता तिथं डोंगर हाय." एवढ्यासाठी मी तिथवर गेलो होतो.

मग एका सोमवारी सासऱ्यांना नाणेघाटाच्या तोंडापाशी जायचं होतं. चुकलेली म्हैस तिकडे दिसल्याचं कुणी सांगितलं होतं. मी गाडी काढली. पठार संपतं आणि खाली सगळं कोकण उघडं पडतं, तिथे मी गाडी लावली आणि रेडिओ, जो मी बंद करायला विसरलो होतो, एकदम मोठ्याने बोलायला लागला. एक मुलगी हिंदीत बोलत होती. ठाणे, कळवा, ऐरोली अशी नावं येत होती. शीळफाट्याला जाम आहे, असं ती फार आनंदाने सांगत होती.

सासरे दार उघडता उघडता थांबले. "ही कुठली बोलतीया?"

"मुंबईची."

"हितं?"

मी त्यांना समजावलं. तेव्हाच मलाही समजत होतं. ह्या लहरी आपल्या नजरेसारख्या सरळ जातात. डोंगर आला की अडतात, वळून जात नाहीत. घाटघरच्या मागे डोंगर, म्हणून काही नाही. इथे समोर मोकळं, थेट मुंबईपर्यंत, आणि मुंबईचंही एक स्टेशन पुण्याच्याच जागी लागतं. जे इथून दिसू शकतं ते ऐकू येतं.

सासऱ्यांनी खाली पाहिलं. मुंबई दिसत नव्हती. धूसर होतं. "धुकं आसलं तर?"

"धुक्याने अडत नाही."

"मंग नजरंपरीस बरं हाय," ते म्हणाले आणि परत सीटवर बसले. म्हैस संध्याकाळी आपणहून घरी आली.

ते बसले त्याचं कारण माझा मेव्हणा. तो मुंबईकडे असतो. वाशीच्या बाजारातून भाजीचा टेंपो घेऊन ठाण्याकडे जातो, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फोन करतो, पण घाटघरला रेंज येते ती स्वतःच्या सवडीने, आणि ती आली तेव्हा सासरे शेतात असतात. महिन्यातून कधी गाठ पडली तर दोघं एकमेकांना "बरं हाय का?" आणि "बरं हाय" एवढं सांगून फोन ठेवतात. आता ही मुलगी त्याच्या रस्त्याबद्दल बोलत होती. ऐरोलीला गाड्यांची रांग आहे म्हणाली की सासरे म्हणत, "आज लेट जेवणार." वाशीच्या पुलावर रस्ता मोकळा आहे म्हणाली की म्हणत, "आज बरं हाय." हिंदी त्यांना येत नव्हती. पण 'जाम' हा शब्द कुठल्याही भाषेत जामच असतो, आणि 'धीमी गती' त्यांना आवाजावरूनच कळायचं.

त्या दिवसापासून दर सोमवारी आमचा कार्यक्रम ठरला. जेवण झालं की मी आणि सासरे गाडीने घाटाच्या तोंडाशी जायचो. गाडी हातभर पुढेमागे केली तरी आवाज बदलतो, हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं. सगळ्यात स्वच्छ जागा सापडल्यावर त्यांनी तिथे एक दगड आणून ठेवला. शनिवार-रविवारी त्या दगडापाशी मुंबईपुण्याच्या गाड्या उभ्या राहतात आणि माणसं फोटो काढतात. सोमवारी तो आमचा असायचा.

मग एका सोमवारी बायकोला आणि मला घराचं पत्र्याचं काम बघायचं होतं. मी सासऱ्यांना दगडापाशी सोडलं, चावी अर्धी फिरवून रेडिओ लावून दिला आणि गावातल्या एकाच्या मोटरसायकलवरून परत आलो. दुपार तशीच गेली. संध्याकाळी परत गेलो तर सासरे गाडीत बसलेले, रेडिओ गप्प.

"ती बोलता बोलता झोपली," ते म्हणाले.

बॅटरी उतरली होती. रेडिओच्या जोडीने सासऱ्यांनी हेडलाइटही लावून ठेवले होते. दुपारी धुकं आलं होतं, आणि धुक्यात गाडीचे दिवे लावतात हे त्यांनी पर्यटकांचं पाहून शिकलेलं. एका जीपवाल्याने वायर जोडून गाडी सुरू करून दिली. इंजिन लागलं. रेडिओही लागला, पण त्यातून आवाज येईना. पडद्यावर इंग्रजीत एकच शब्द.

"काय म्हणतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोड मागतंय. चार आकडे. वीज तुटली की त्याला वाटतं आपल्याला कुणी चोरून नेलं. मग कोड दिल्याशिवाय तो वाजत नाही."

"मंग सांग की त्याला, चोरीचा न्हाई म्हून."

"तेच सांगायला कोड लागतो."

सासऱ्यांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. "वळखत न्हाई व्हय आपल्याला?" ते म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी मंचरला हेडमास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "कोड माझ्या लक्षात आहे. पण सांगता येणार नाही."

"का हो सर?"

"तोच मी सगळीकडे वापरतो. बँकेचं कार्ड, मोबाईल, कपाटातल्या बॅगेचं कुलूप. तुम्ही गाडी घेऊन या. मी स्वतः टाकून देतो."

दुकान, पावसाळी ताप, मग सर्दीखोकल्याची साथ, असं करत मंचरला जायला मला बरेच आठवडे लागले. औषधवाल्याला आजार सोयीचे असतात आणि गैरसोयीचेही. तोवर सोमवार येतच होते. आम्ही घाटघरला जायचो, पण सासरे गाडीत बसायचे नाहीत. गावातून बातमी आली की ते रविवारी चालत घाटाच्या तोंडाशी जातात आणि मुंबईचा नंबर असलेल्या गाड्या शोधतात. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही.

"काय विचारता तिथे?" बायकोने विचारलं.

"शीळफाट्याला जाम हाय का, आसं."

"आणि ते काय सांगतात?"

"सांगत्यात की. लई चिडून सांगत्यात. फोटोबी दावत्यात."

शेवटी एका सोमवारी घाटघर रद्द करून आम्ही मंचरला गेलो. हेडमास्तर अंगणात खुर्ची टाकून तयार होते, खांद्यावर पंचा. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, आत पोहे करत होत्या. सर चालकाच्या सीटवर बसले. मला म्हणाले, "तुम्ही तिकडे बघा." मी पेरूच्या झाडाकडे बघितलं. त्यांनी रेडिओवर पंचा टाकला आणि खाली हात घातला.

ह्या सेटची तऱ्हा अशी होती की पहिलं बटण जितक्यांदा दाबाल तितका पहिला आकडा, दुसरं जितक्यांदा तितका दुसरा. आणि दर वेळी बटण दाबलं की 'टुं' वाजायचं. पंचा आवाज अडवत नव्हता. पहिलं बटण एकदा वाजलं, दुसरं नऊ वेळा. एवढ्यावरून ते साल आहे हे मंचरमधल्या कुणालाही कळलं असतं. पुढचं मी मोजलं नाही. न मोजणं सोपं नव्हतं, मी पेरूची पानं मोजायला लागलो.

रेडिओने एक वेगळा, खालच्या पट्टीतला आवाज केला.

"चूक म्हणतोय," सर म्हणाले. "बोट घसरलं असेल."

त्यांनी परत केलं, सावकाश. परत तोच खालचा आवाज. तिसऱ्यांदा त्यांनी पंचा बाजूला काढला, चष्मा लावला, आणि लपवाछपवी सोडून सरळ दाबलं. रेडिओवर दुसरा इंग्रजी शब्द आला.

"काय म्हणतोय?" त्यांनी मला विचारलं. चष्मा लावूनही त्यांना ते वाचता येत नव्हतं.

"थांबा म्हणतोय. तीन वेळा चुकलं की तासभर थांबायचं. आणि थांबताना चावी चालू ठेवायची, नाहीतर तास पहिल्यापासून."

"चावी चालू ठेवली तर बॅटरी उतरेल."

"म्हणून इंजिन चालू ठेवायचं."

सर गाडीतून उतरले. ज्यांनी उभ्या आयुष्यात मुलांना तासभर उभं केलं, त्यांना एका रेडिओने अंगणात उभं केलं होतं. हे मी बोललो नाही. आम्ही तिघं इंजिनाच्या आवाजात पोहे खात बसलो. काकू दोनदा बाहेर येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, गाडी बंद का करत नाही? धूर सगळा घरात येतोय."

सरांनी परिस्थिती सांगितली. कोड बरोबर आहे, सेट खराब झालेला दिसतो, असं सांगितलं.

"कुठला टाकला?" काकूंनी विचारलं.

"आपल्या लग्नाचं साल. तेच ठेवलंय ना आपण. तूच बसवला होतास तो, त्या पुस्तिकेत बघून."

"हो, मीच बसवला होता. मधे बॅटरी बदलली, तुम्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला पुण्याला होतात, तेव्हाही मीच टाकला. पण कुठलं साल टाकलंत तुम्ही?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं. मग नाइलाजाने सांगितलं.

 काकूंनी माझ्या बायकोच्या हातातली रिकामी ताटली घेतली, सरांच्या ताटलीवर ठेवली. "लग्न त्याच्या आदल्या साली झालं," त्या म्हणाल्या.

इंजिन चालूच होतं.

"असं कसं?" सर म्हणाले.

"असंच. माझ्या भावाला आदल्या साली नोकरी लागली, त्याच उन्हाळ्यात आपलं लग्न. तुम्हाला विचारायचं तर माझ्या भावाला विचारा."

"मग आपला चाळिसावा वाढदिवस?"

"एकेचाळिसावा होता तो."

"तू बोलली नाहीस!"

"मला वाटलं, आदल्या साली हॉल मिळाला नसेल."

सर खुर्चीवर बसले. बराच वेळ ते पेरूकडे बघत राहिले. त्या कार्यक्रमाला सगळे नातेवाईक आले होते, भिंतीवर मोठ्या अक्षरात चाळीस लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की एक माणूस मनातल्या मनात एक वर्ष कुठेतरी बसवायचा प्रयत्न करतोय. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे एक वर्ष जास्तच झालं आपल्याला." ह्यात तक्रार नव्हती. काकू हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "बँकेच्या कार्डाचं बदलू नका आता. ते चालतंय तसं चालू द्या."

तास संपला तेव्हा रेडिओने परत कोड मागितला. ह्या वेळी काकू सीटवर बसल्या. पंचा नाही, काही नाही. टुं टुं करत चारही आकडे टाकले, बाजूचं बटण दाबून धरलं, आणि मंचरच्या अंगणात भक्तिगीत सुरू झालं. आकडे मी इथे देत नाही. कोड मी बदललेला नाही, आणि सरांचा आकडाही त्याच्याच शेजारी राहतो.

निघताना काकूंनी सांगितलं, की वीज गेल्याने आधी लावून ठेवलेली स्टेशनं पुसली गेली असतील, परत शोधावी लागतील. ते खरं होतं.

मंचरहून आम्ही निघालो. नारायणगाव गेल्यावर बायकोने सांगितलं. भावाचा फोन आला होता, मागच्याच आठवड्यात, दुकानात मी नसताना. त्याने टेंपो सोडला होता. सोडून बरेच महिने झाले होते. आता तो भिवंडीला एका गोडाऊनमध्ये मालाची नोंद करायचं बैठं काम करतो. कंबर दुखत होती म्हणून टेंपो सोडला आणि घरी काळजी नको म्हणून बोलला नाही.

"म्हणजे मामा इतके दिवस ऐकत होते ते..." मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "त्याचा काही संबंध नव्हता."

सांगायचं की नाही ह्यावर आम्ही जुन्नरपर्यंत बोललो. मी म्हटलं, नको, त्यांना ऐकण्यात सुख आहे. ती म्हणाली, बापाला पोराचा पत्ता चुकीचा माहीत असणं बरं नाही. वडील तिचे होते, म्हणून तिचं चाललं.

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं दगडापाशी गेलो. धुकं इतकं होतं की दगडही चाचपून शोधावा लागला. पलीकडचा जीवधन किल्ला, खालचं कोकण, काहीच नव्हतं. मी गोल बटण फिरवत राहिलो. खरखर, मग दूर कुठेतरी गाणं, मग खरखर, आणि मग तीच मुलगी, तशीच आनंदात. सासऱ्यांनी मान हलवली. "हां. हीच."

बायको मागच्या सीटवरून पुढे वाकली. "बाबा, दादाचा फोन आला होता."

"बरा हाय ना?"

"बरा आहे. पण त्याने टेंपो सोडलाय. कंबर दुखायची म्हणून. आता भिवंडीला असतो, गोडाऊनमध्ये. बसून काम आहे."

सासऱ्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. एरवी ते त्या बटणाला हात लावत नसत, लावताना मी त्यांना त्या दिवशी प्रथमच पाहिलं. "कवापासनं?"

"बरेच महिने झाले."

ते समोरच्या काचेतून बघत राहिले, जिथे नुसतं पांढरं होतं. मला वाटलं ते रागावतील, किंवा इतक्या सोमवारांबद्दल काही म्हणतील. त्यांनी विचारलं, "जेवतो कुठं?"

"तिथेच खानावळ आहे म्हणाला. गोडाऊनच्या शेजारी."

"म्हंजी येळंवर जेवत आसंल."

"हो. वेळेवर."

"आन कंबर?"

"आता कमी आहे म्हणाला. दिवाळीला येतोय."

"येऊं दे." त्यांनी खिशातून रुमाल काढला, काच आतून पुसली. धुकं बाहेर होतं, त्यामुळे फरक पडला नाही. रेडिओवर बारीक आवाजात कळव्याचं काहीतरी चाललं होतं. बायकोने थर्मासमधला चहा ओतला. तिघांनी प्यायला. मग पाऊस भुरभुरायला लागला आणि मला परतीच्या रस्त्याची काळजी वाटली.

"निघू या का मामा?" मी चावीला हात लावला.

"थांबा पावणं," सासरे म्हणाले आणि आवाज वाढवला. "भिवंडीचं आजून सांगितलं न्हाई तिनं."